भोपळ्यावरचा पहिला घाव

मी एक जुना सुरा आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्या नावावर एकही गुन्हा नाही. आयुष्यभर मी फक्त लाल भोपळे कापले. आज मी नाहूरच्या भाजीबाजारात, मालनच्या फळीखाली, गोणपाटाच्या घडीत पडून आहे. पात्यावर गंज चढलाय आणि मुठीतली एक खिळी निखळलीय. इथून मला गिऱ्हाइकांच्या फक्त चपला दिसतात. पण चपलांवरूनही माणूस बराच कळतो. भाव पाडून घेणारा टाचांवर रेलून उभा राहतो. ज्याला काहीच घ्यायचं नसतं, पण सगळ्याची चौकशी करायची असते, त्याच्या चपलांची टोकं आधीच पुढच्या गाडीकडे वळलेली असतात.

माझा जन्म मुलुंड चेकनाक्याजवळ, रस्त्याच्या कडेला झाला. त्याआधी मी ट्रकच्या स्प्रिंगमधला एक मोडका पट्टा होतो आणि भंगारात पडलो होतो. तिथून मला एका घिसाडी जोडप्यानं उचललं. बाईचं नाव शेवंती. तिच्या नवऱ्याचं नाव मला आठवत नाही, कारण तो भात्यापाशी बसून मला सांडशीत धरायचा, एवढंच त्याचं काम. घण मारायची ती शेवंती. लुगड्याचा काचा मारून, घण डोक्यामागून आणून ती असा घाव घालायची की ऐरणीखालची जमीन दणकायची. लाल झालेल्या माझ्या अंगावर तिनं घाव घातले, मला चपटा केला, टोक काढलं, पाणी दिलं. माझ्या पात्याला जो बाक आहे, तो तिच्या मनगटाचा बाक आहे.

मालन आणि तिचा नवरा खंडू मला विकत घ्यायला आले, तेव्हा खंडूनं पात्यावर नख मारून विचारलं, "पोलाद पक्कं ना?"

"बिनघोर न्या. आमच्या हाताचं काम हाय," सांडशीवाला ऐटीत म्हणाला.

शेवंतीनं पदरानं घाम पुसला. "हात तुजा, घाव माजं," ती म्हणाली.

सगळे हसले. खंडूही हसला. पण त्या हसण्यात मालन नव्हती. ती शेवंतीच्या दंडाकडे बघत होती. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय, कारण पुढे मालनची सगळी गोष्ट ह्याच एका बोलण्याभोवती फिरली.

खंडू आधी नाहूरच्याच एका कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला. त्या जागेवर तीन टॉवर उभे राहिले आणि खंडू त्याच टॉवरांच्या कुंपणाबाहेर मालनबरोबर भाजी विकायला बसला. कुंपणाच्या आत ज्या जागी तो मशीन चालवायचा, तिथे आता कारंजं आहे. दोघंही जुन्नरकडची. मालनच्या माहेरी बांधावर भोपळ्याचे वेल असायचे, म्हणून तिला भोपळ्याची पारख होती आणि प्रेमही. बाकी भाज्या ती विकायची. भोपळा ती मांडायची. मोठा भोपळा मधोमध कापून, केशरी पोट गिऱ्हाइकाकडे करून ती असा ठेवायची की रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर आधी त्यावर पडायची.

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणायला हरकत नाही, कारण सुरुवातीला ती खरंच गंमत होती.

आपल्याकडे अख्खा भोपळा बाईनं आधी चिरायचा नाही असं मानतात. पहिला घाव घरातल्या पुरुषानं घालायचा, मग पुढे बाईनं खुशाल त्याचे तुकडे करावेत. का, ते विचारू नका. कोणी म्हणतं, भोपळा म्हणजे देवीपुढच्या बळीच्या जागी ठेवलेलं फळ. कोणी म्हणतं, भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. खरं कारण विचारलं की जो तो आपल्या सासूकडे बोट दाखवतो, आणि सासू तिच्या सासूच्या फोटोकडे.

त्यामुळे आमची सकाळ अशी व्हायची. टेम्पोतून भोपळे उतरायचे. खंडू मला हातात घ्यायचा आणि प्रत्येक भोपळ्याला देठापाशी माझं टोक लावायचा. नुसतं टोक. वाटाणा आत जाईल एवढी खाच. मग मला मालनच्या हातात देऊन तो चहाला जायचा. एखादा साहेब रिबीन कापून गाडीत बसतो ना, तसा. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. भोपळ्याचं कवच माणसांच्या स्वभावासारखं असतं, जोर केला की आणखी घट्ट होतं. मालन जोर करत नसे. ती खाचेत मला उभा धरायची, पाठीवर तळहात ठेवायची आणि आपलं वजन हळूहळू माझ्यावर सोडायची. 'कर्र' असा आवाज यायचा आणि भोपळा दोन भागांत उघडायचा. असले सगळे घाव मालनचे, आणि नाव मात्र खंडूच्या वाटाण्याएवढ्या खाचेचं.

ते माझे चांगले दिवस होते. खंडेनवमीला मला चिंचेनं घासून लखलखीत करायचे, पाटावर ठेवायचे, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचे. पूजा खंडू करायचा. त्या दिवशी मला कामाला लावत नसत. "आज आमचे साहेब सुट्टीवर आहेत," खंडू गिऱ्हाइकांना सांगायचा. बायका कौतुकानं म्हणायच्या, "काय धार आहे हो तुमच्या सुऱ्याला! आमच्या घरच्या सुऱ्या नुसत्या भोपळ्याला गुदगुल्या करतात."

गिऱ्हाइकांचा मी मनातल्या मनात हिशेब ठेवायचो. एकीला फोड नेहमी मधलीच हवी असायची. सगळ्यांनी मधली फोड मागितली तर कडेचा भोपळा कोणाचा, हा प्रश्न तिला पडत नसे. एक जण बिया काढून वजन करायला लावायचा आणि मग बिया फुकट मागायचा. आणि टॉवरमधल्या नलिनीताई. त्या फोड घ्यायच्या आधी खाचेकडे बोट करून दरवेळी विचारायच्या, "खंडूनंच लावलाय ना हात?" मालन मान डोलवायची. मग नलिनीताईंची पिशवी उघडायची.

पुढे खंडूच्या किडन्या बिघडल्या आणि त्यानं अंथरूण धरलं. गिऱ्हाइकांनी भोपळा खायचं काही सोडलं नाही. मग मालन त्या दिवशी कापायचे तेवढे भोपळे आधी घरी न्यायची. चाळीतल्या खोलीत ते एकेक करून खाटेपाशी सरकवायची. खंडू पडल्या पडल्या मला मुठीत धरायचा. त्याचा हात थरथरायचा. मालन खालून त्याच्या मनगटाला आधार द्यायची आणि खाच पडायची. आता ती खाच कोणाच्या हातानं पडली म्हणायची, ते तुम्हीच ठरवा.

"कसला गं हा न्याय," खंडू एकदा म्हणाला. "मला पाण्याचा तांब्या उचलवत नाही, आणि तुझ्या भोपळ्यांना माझाच हात लागतो."

"बोलण्यात दम घालवू नका. टोक लावा. बाजार भरला असंल."

"मी गेल्यावर काय करशील?"

"कारली विकीन. कारल्याला कोण नवरा विचारत नाय."

खंडू इतका हसला की त्याला खोकला आला. त्यांच्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं मोठं हसणं.

खंडू गेला. मालन काही दिवसांनी परत फळीवर येऊन बसली. तिच्यासमोर अख्खे भोपळे होते, हातात मी होतो, आणि आम्हा दोघांना कापायचं कसं ते चांगलं ठाऊक होतं. तरी ती मला मांडीवर ठेवून बसून राहिली. मग शेजारच्या फूलवाल्या दशरथनं उठून माझ्याकडे हात केला.

"आण गो इकडे. रडतंस कित्याक? मी लावतंय टोक."

दशरथ कोकणातला. झेंडू, शेवंती, तोरणं, वेण्या विकायचा. बोलायला गोड. पहिल्या दिवशी त्यानं मदत केली ती खरोखर मनापासून. हे मी कबूल करतो, कारण माणूस पहिल्या दिवशी बहुतेक मनापासूनच मदत करतो. थोड्या दिवसांनी तो मदतीच्या बदल्यात रोज एक फोड घरी न्यायला लागला. मग तो उशिरा यायला लागला. मालनची गिऱ्हाइकं अख्ख्या भोपळ्याभोवती ताटकळायची आणि दशरथ पलीकडे सावकाश गजरे ओवत असायचा. आला की मोठ्यानं ओरडायचा, "काय गो मालन, आज किती जणांची मुंडकी उडवायची?" सगळा बाजार हसायचा. मालनही हसायची. तिला हसावंच लागायचं.

मग एका दसऱ्याच्या सुमारास त्यानं खरी गोष्ट काढली. "तुझी फळी अर्धी तिकडे सरकव. दिवाळीक माका झेंडू मांडूक जागा नाय."

"आणि मी भोपळे कुठं ठेवू?"

"ठेव गो कुठेतरी. माझो हात नसलो तर ते भोपळे काय उपयोगाचे?"

मालननं फळी सरकवली नाही, पण 'नाही'ही म्हणाली नाही. तिच्याकडे तेवढी जागाच काय ती स्वतःची होती. अर्धी दिली की उरलेली अर्धी पुढच्या दिवाळीला जाणार, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

नेमकी त्याच आठवड्यात अनुपमा आली. अनुपमा म्हणजे नलिनीताईंची सून. टॉवरच्या कमिटीत होती.

"मावशी, आम्ही सोसायटीत ऑटम बाजार करतोय. लोकल आर्टिस्ट, लोकल वस्तू, सगळं लोकल. मुलांसाठी पम्पकिन फार्मसुद्धा. मला भरपूर भोपळे हवेत. देठासकट हां, देठ क्यूट दिसतात."

"एवढे भोपळे कोण चिरणार?"

"आम्हीच! कार्व्हिंग कॉम्पिटिशन आहे ना, लेडीजसाठी."

"बायका चिरणार?"

"बायकाच तर!" अनुपमा म्हणाली. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. "आणि हा सुरा पण आणा ना मावशी. कसला रस्टिक आहे!"

मला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही. मालन मला दगडावर घासून आणखी चकचकीत करायला लागली, तेव्हा अनुपमा ओरडली, "अहो, घासू नका, जसा आहे तसाच हवा!" त्यावरून थोडाफार अंदाज आला.

मित्रांनो, मुंबईत ऑक्टोबर म्हणजे घामाचा महिना. कपाळावरून ओघळ वाहतात आणि पंख्यातून गरम वारा येतो. पण टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, परदेशातला शरद ऋतू आणला होता. जमिनीवर प्लास्टिकची हिरवळ, त्यावर पेंढ्याचे भारे. मालननं सांगितलेले भोपळे वाशीच्या घाऊक बाजारातून टेम्पोनं आले, सर्व्हिस लिफ्टनं वर चढले आणि हिरवळीवर उगवले. देठांना तारेनं मनीप्लँटच्या वेली बांधल्या होत्या. मुलं रांगेत उभी राहून वेलीवरून भोपळा 'तोडत' होती, फोटो काढत होती आणि भोपळा परत ठेवत होती. माळी लगेच तार बांधून पुढच्या मुलासाठी भोपळा पुन्हा उगवत होता.

उगाच सगळ्यालाच नावं ठेवणार नाही. कलाकार खरे होते. मातीच्या पणत्या घेऊन एक कुंभारीण आली होती. तिच्या बोटांचे ठसे पणत्यांवर दिसत होते. बांबूचे आकाशकंदील होते, ठशांनी छापलेल्या ओढण्या होत्या. एका कोपऱ्यात घाटकोपरच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक धम्मपाल बसले होते. समोर येईल त्याचं कोळशानं झरझर चित्र काढत होते. ते फार बोलत नव्हते. त्यांची नजर मात्र माझ्या टोकासारखी होती, बरोबर जागेवर जायची.

स्पर्धा सुरू झाली आणि लगेच बंद पडली. बायकांनी घरच्या सुऱ्या आणल्या होत्या. एकीची वाकली, दुसरीचं पातं मुठीतून निघून आलं. भोपळे जसेच्या तसे. सगळ्या हसून हसून बेजार. मग अनुपमानं माईक घेतला.

"आपल्याकडे एक्स्पर्ट आहेत! मालन मावशी, फर्स्ट कट तुम्ही करा."

मालन मागे सरकली. "नको बाई. टोक बाप्यानं लावायचं असतं. कोणा दादाला बोलवा."

अनुपमाचे डोळे चमकले. "ऐकलंत सगळ्यांनी? बाईनं भोपळा कापायचा नाही म्हणे! मग आज आपण काय करायचं?"

"मोडायचं!" बायका ओरडल्या. पुढच्या रांगेत नलिनीताई बसल्या होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्या बांगड्यांचा आवाज ओळखतो.

मालननं त्यांच्याकडे पाहिलं. नलिनीताईंनी मान हलवून म्हटलं, "कर गं, कर."

मालननं मला उचललं. इतकी वर्षं मी तिच्या हातात होतो, पण खाच नसलेल्या भोपळ्यावर तिनं मला कधी ठेवलं नव्हतं. देठापाशी टोक टेकवून ती क्षणभर थांबली. मग तिनं आपलं वजन माझ्यावर सोडलं. कर्र! भोपळा उघडला. आतून तोच वास, तोच केशरी रंग, त्याच बिया. कोणाचा थोरला मुलगा रडला नाही. आभाळ पडलं नाही. भोपळ्याला काही कळलंच नसावं. पण मालन बदलली. तिनं दुसरा भोपळा ओढला, तिसरा ओढला. प्रत्येक घावाला टाळ्या पडत होत्या आणि ती हसत होती. खोटं नाही, दशरथसमोर हसायची तसं नाही. मला शेवंतीच्या घणाची आठवण झाली.

धम्मपाल सरांनी ते सगळं कागदावर घेतलं. मालनचा दंड, तिचा तळहात, मी, आणि उघडणारा भोपळा. चित्र पाहून लोक थबकत होते. नलिनीताईंनी ते जागच्या जागी विकत घेतलं.

कोरलेल्या भोपळ्यांत रात्री दिवे लावले, म्हणे. दोन दिवसांनी ते भोपळे काळे पडले आणि कचऱ्याच्या डब्यांतून खाली आले. तेवढे भोपळे चिरले गेले, पण त्यांतल्या एकाचीही भाजी झाली नाही. हे मी नमूद करून ठेवतो.

ऑटम बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दशरथ नेहमीसारखा गजरे ओवत बसला होता, हाक येण्याची वाट बघत. हाक आली नाही. मालननं मला हातात घेतलं आणि पहिला भोपळा सरळ दोन भागांत उघडला. दशरथच्या हातातली सुई थांबली.

"काय गो, वाट लावतंस की काय धंद्याची?"

"काल सगळ्या टॉवरनं टाळ्या वाजवल्या," मालन म्हणाली. "आता तू तुझे गजरे बघ."

थोड्या वेळानं नलिनीताई आल्या. बरोबर अनुपमा होती. दोघींचा चेहरा प्रसन्न होता.

"मालन, अगं तुझं चित्र हॉलमध्ये लावलंय हां. सोफ्याच्या वर. काल रात्रीपासून येणारा प्रत्येक जण विचारतो, ही कोण? हातात केवढी ताकद आहे! मी सांगते, आमची भाजीवाली." एवढं बोलून त्या भोपळ्याकडे वाकल्या. "घारग्यांना फोड दे. मऊ बघून दे. लेक बाळंतपणाला आलीय, तिला डोहाळे लागलेत." मग सवयीनं त्यांचं बोट देठापाशी गेलं. "कोणी लावला हात?"

"मीच की ताई," मालन हसून म्हणाली. "काल तुम्हीच तर म्हणालात, कर गं कर."

नलिनीताईंचं बोट मागे गेलं.

"अगं, ते डेकोरेशन होतं. हे पोटात जाणार. घरात पोटुशी पोर आहे, आणि तू... तुझं असं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. मालननं आपल्या मोकळ्या गळ्याला हात लावला, म्हणजे तिला ते पुरं ऐकू गेलं होतं.

मालननं अनुपमाकडे पाहिलं. काल हिनंच माईक धरला होता.

अनुपमानं चष्मा नीट केला. "मला काही नाही हो मावशी. मी मुळीच मानत नाही. पण आईंना चालत नाही ना. आणि आमच्याकडेसुद्धा भोपळा माझा नवराच कापतो... म्हणजे नुसतं टोक लावतो. उगाच कशाला वाद, नाही का?"

"आणि ते चित्र?"

"ते मस्तच आहे!" अनुपमा पटकन म्हणाली.

दोघी पुढच्या गाडीवर गेल्या. मित्रांनो, ह्या एका वाक्याचा मी नंतर खूप हिशेब मांडला. 'मला काही नाही हो, पण' असं म्हणणारी माणसं त्या आठवड्यात फळीपुढे इतकी आली की मला वाटलं, ज्यांना खरोखर काही आहे ती माणसं राहतात तरी कुठे? सगळ्यांनाच काही नव्हतं. फक्त सासूला होतं, आत्याला होतं, देवाला होतं, गावाला होतं. काल टाळ्या वाजवणाऱ्या एकीनं तर मालनबरोबर सेल्फी काढला आणि फोड दुसरीकडून घेतली.

मालन रोज एक भोपळा स्वतः उघडायची आणि रोज तो उघडाच राहायचा. संध्याकाळपर्यंत त्याच्या कडा सुकायच्या, केशरी रंगावर पांढरी साय धरायची. तिनं भाव उतरवला. कोणी थांबलं नाही. शेवटी एक दिवस तिनं उरलेल्या भोपळ्याचे घारगे केले आणि डबा भरून बाजारात वाटले. दशरथनं त्यातले चार खाल्ले.

"झकास झालेत गो!" तो बोटं चाटत म्हणाला.

"टोक मीच लावलेलं हां," मालन म्हणाली.

"माका काय, मी खातंय." घास गिळून तो पुढे म्हणाला, "पण गिऱ्हाईक खात नाय ना. म्हणून सांगतंय, फळी सरकव. उद्यापासून परत मी हात लावतंय. तुझो धंदो वाचात."

बाजारातली सगळी डोकी मालनकडे वळली. मीही तिच्या मांडीवरून तिच्याकडे बघत होतो. तिनं हो म्हटलं असतं तर मला परत काम मिळालं असतं, मित्रांनो. आणि सुऱ्याला कामाशिवाय दुसरं काय हवं असतं?

"नाय सरकवत," मालन म्हणाली. "आणि तुझा हातही नको."

तिनं मला धुतलं, पुसलं, गोणपाटात गुंडाळलं आणि फळीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी फळीवर कारली होती. मेथी होती, दुधी होता, वांगी होती. लाल भोपळा नव्हता. खंडूला दिलेला शब्द तिनं पाळला. पण भोपळा मांडताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते कारल्याच्या ढिगामागे मी पुन्हा पाहिलं नाही. जागा तिची अख्खी राहिली. त्यावरचं जे तिला सगळ्यात आवडायचं, तेवढं गेलं. भोपळे आता दशरथच्या फळीवर, झेंडूच्या शेजारी असतात. टोक तो लावतो. मग त्याची बायको चंपा घामाघूम होऊन ते चिरत बसते. तिच्या हाताची भाजी टॉवरमध्ये चालते.

ह्या ऑक्टोबरात अनुपमा पुन्हा आली. मी तिच्या सँडल ओळखल्या.

"मावशी, यंदाचा बाजार आणखी मोठा आहे. आणि पोस्टरवर काय घेतलंय माहितीये? तुमचं चित्र! फर्स्ट कट तुम्हीच करायचा."

मालन मेथीच्या जुड्या बांधत होती. "येते. एक अट हाय."

"बोला ना."

"मी कापलेली पहिली फोड तुम्ही घरी न्यायची. भाजी करायची. नलिनीताईंना वाढायची, तुमच्या नणंदेला वाढायची. कोणी कापली ते सांगून."

सँडल जागच्या जागी चुळबुळल्या. "मावशी, तुम्ही पण ना, किती सीरियस घेता! मला काही नाही हो, पण..."

"तुम्हाला काय नाय, ठाऊक हाय मला," मालन म्हणाली आणि तिनं जुडीची गाठ घट्ट ओढली. "जुडी हवी का?"

अनुपमानं जुडी घेतली. सँडल गेल्या.

पोस्टर मात्र लागलं. टॉवरच्या फाटकावर, बरोबर आमच्या समोर. वारा आला की ते फडफडतं. फळीखालून मला त्याचा खालचा भागच दिसतो. मालनचा तळहात, आणि त्याखाली मी, लखलखीत, टोक भोपळ्यात रुतलेलं. लोक त्याच्याकडे तोंड करून त्याचे फोटो काढतात. फोटो काढताना त्यांची पाठ मालनकडे असते. काल कुंपणापलीकडून माईकचा आवाज आला आणि मोठ्या टाळ्या पडल्या. कोणीतरी फर्स्ट कट केला असावा. मालननं मान वर केली नाही. ती कारल्यांवर पाणी शिंपडत होती.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी जाता जाता काहीतरी मागावं अशी रीत आहे. मला घासा, मला धार लावा, माझ्या मुठीत नवी खिळी ठोका, असं मी मागत नाही. गंजाचं मला आता काही वाटत नाही. मला घडवणारा घण कोणाच्या हातात होता हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही, आणि तो बाईच्या हातात होता हे कळलं असतं, तर तेही गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर गेलं असतं.

एवढंच करा. तुमच्या घरी अख्खा भोपळा आला आणि आई सुरी बाजूला ठेवून बाबांना हाक मारायला लागली, तर मध्ये पडा. सुरी तिच्याच हातात द्या. ती म्हणेल, "मला काही नाही रे, पण..." तेव्हा तिथून हलू नका. तिनं कापलेली पहिली फोड तुम्ही मागून घ्या आणि सगळ्यांच्या देखत खा.

मग कधी नाहूरला आलात तर ती कशी लागली ते मालनला सांगा. ती कारल्यांच्या ढिगामागे बसलेली असते. जरा मोठ्यानं सांगा. मी तिच्या पायाशीच आहे.